उन्हाचं इंधन: पकडणं जमलं, टिकवणं बाकी आहे

प्रश्न असा आला आहे: झाडाचं पान ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांतून साखर घडवतं. मग पाण्यात बुडवून उन्हात ठेवली की हायड्रोजन किंवा पेट्रोलसारखं इंधन देईल अशी पाटी माणसाला अजून का बनवता आलेली नाही? आणि सौर पॅनेलमधून वीज मिळतेच आहे, तर इंधनाच्या मागे लागायचं कशाला? प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला या विषयात काम करायचं आहे, म्हणून उत्तर थोडं लांबवतो.

आधी दुसरा भाग, कारण तो मिटल्याशिवाय पहिल्यात शिरण्यात अर्थ नाही. जिथे तार पोचते तिथे विजेचं इंधन करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दिवे, पंप, छोट्या गाड्या यांना वीज थेट द्यावी. मधे इंधन घातलं की निम्म्याहून जास्त ऊर्जा वाटेतच जाते. पण एक किलो केरोसीनमध्ये सुमारे १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते, तर चांगल्या लिथियम बॅटरीच्या एक किलो सेलमध्ये साधारण पाव किलोवॅट-तास. विमानाचं इंजिन त्यातली अर्धीही कामी आणत नाही हे धरलं, तरी वीसेक पटींचा फरक उरतो. खंड ओलांडणारं विमान बॅटरीवर उडत नाही ते यामुळे. खतासाठीचा अमोनिया किंवा लोहखनिजातला ऑक्सिजन काढून टाकणं, या कामांना तर ऊर्जेबरोबर प्रत्यक्ष रेणूच लागतो. शिवाय उन्हाळ्यातली ऊर्जा हिवाळ्यापर्यंत ठेवायची असेल तर टाकीत भरलेल्या द्रवासारखी सोय दुसरी नाही. एवढ्या कामांसाठी उन्हाचं इंधन हवं आहे, आणि तीही काही थोडी नाहीत.

आता पानाकडे वळू. पाण्याच्या रेणूचं विघटन करायला किमान १.२३ व्होल्ट लागतात. दृश्य प्रकाशाच्या एका फोटॉनमध्ये साधारण १.७ ते ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. म्हणजे कागदावर तांबडा फोटॉनसुद्धा पुरेसा आहे. अडचण येते ती मोजणीत. ऑक्सिजनचा एक रेणू बनायला पाण्याच्या दोन रेणूंमधून चार इलेक्ट्रॉन काढावे लागतात, आणि फोटॉन तर एकेकटा येतो. पहिला इलेक्ट्रॉन निघाल्यावर पुढचा फोटॉन येईपर्यंत ते अर्धवट काम कुणीतरी धरून ठेवायला हवं. नाहीतर निघालेला इलेक्ट्रॉन जागेवर परत येतो आणि पकडलेलं ऊन नुसती उष्णता होऊन जातं.

पानात हे धरून ठेवण्याचं काम चार मँगनीज, एक कॅल्शियम आणि पाच ऑक्सिजन अणूंचा एक चिमुकला गुच्छ करतो. हे कसं कळलं ती गोष्ट मला फार प्रिय आहे. १९६९ मध्ये पिएर जोलिओ यांनी (मेरी क्युरी यांचे हे नातू) अंधारात ठेवलेल्या प्रकाशसंश्लेषी नमुन्यांवर प्रकाशाचे क्षणिक झोत एकामागून एक सोडले आणि प्रत्येक झोतानंतर किती ऑक्सिजन सुटतो ते मोजलं. पहिल्या झोताला जवळजवळ काही नाही, तिसऱ्याला मोठी उसळी, आणि मग दर चौथ्या झोताला पुन्हा उसळी. पुढच्या वर्षी बेसेल कोक यांनी त्याचा अर्थ लावला: गुच्छ एकेका झोताला एकेक पायरी चढतो, चार पायऱ्या झाल्या की ऑक्सिजन सोडून पुन्हा खाली येतो. अंधारात बहुतेक गुच्छ आधीच एक पायरी वर बसलेले असतात, म्हणून पहिली उसळी तिसऱ्या झोताला. अणूंची नेमकी मांडणी क्ष-किरणांनी स्पष्ट दिसायला मात्र २०११ उजाडावं लागलं.

माणसाच्या बाजूची सुरुवात १९७२ ची. अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडचं अग्र (इलेक्ट्रोड) पाण्यात ठेवून त्यावर अतिनील प्रकाश टाकला आणि पाण्याचं विघटन होतं हे दाखवलं. हा पांढरा पदार्थ म्हणजे भिंतीच्या रंगात असतो तोच. वर्षानुवर्षं पाण्यात राहिला तरी त्याला काही होत नाही. पण तो फक्त अतिनील प्रकाश शोषतो, आणि जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत अतिनीलचा वाटा चार-पाच टक्केच. दुसऱ्या टोकाला सिलिकॉन आहे. तो ऊन छान शोषतो, पण पाण्यात त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढतो आणि प्रवाह थांबतो. शिवाय सिलिकॉनचा एक सेल ०.७ व्होल्टच्या आसपास देतो, आणि प्रत्यक्ष कामाला १.६ ते १.८ तरी हवेत, म्हणून एकावर एक दोन-तीन थर रचावे लागतात. कॅडमियम सल्फाइड दृश्य प्रकाश घेतं, पण पाण्यातून इलेक्ट्रॉन काढण्याऐवजी स्वतःतूनच काढतं आणि विरघळत जातं. गेली पन्नास वर्षं या शाखेतले लोक याच पेचात आहेत: ज्याला ऊन पचतं त्याला पाणी सोसत नाही, आणि ज्याला पाणी सोसतं त्याला ऊन पचत नाही.

१९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत ऑस्कर खासेलेव आणि जॉन टर्नर यांनी गॅलियम आर्सेनाइडवर गॅलियम-इंडियम फॉस्फाइडचा थर असलेलं उपकरण पाण्यात घालून १२.४ टक्के सौरऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरवली. त्या काळी हा आकडा थक्क करणारा होता. पण २० तासांच्या चाचणीतच प्रवाह घसरलेला दिसला. पुढे २०१४ मध्ये नेथन लुईस यांच्या गटाने सिलिकॉनवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अगदी पातळ, विद्युतभार पलीकडे जाऊ देणारा लेप चढवला आणि त्यावर निकेलचे ठिपके ठेवून शंभर तासांहून जास्त काम करून घेतलं. शंभर तास म्हणजे प्रयोगशाळेत आनंदाचा दिवस. छतावरच्या पॅनेलकडून आपण वीस वर्षांची अपेक्षा धरतो, म्हणजे उन्हाचे चाळीस हजारांच्या आसपास तास.

मी स्वतः अशा लेपांवर बराच काळ काम केलं आहे. दिवसा प्रवाहाची रेघ सपाट, अगदी देखणी असायची. एकदा दिवा रात्री बंद करून सकाळी पुन्हा लावला तर निम्मा प्रवाह गेलेला. सूक्ष्मदर्शकाखाली लेपात सुईच्या टोकाहून बारीक छिद्रं दिसली आणि प्रत्येक छिद्राखाली सिलिकॉनमध्ये खळगा. प्रकाश असेपर्यंत त्या जागी ऑक्साइडचा थर धरून होता. अंधार झाल्यावर द्रावणातल्या अल्कलीने तो खाल्ला. तोवरच्या आमच्या सगळ्या चाचण्या अखंड उजेडात केलेल्या होत्या. सूर्य रोज मावळतो ही गोष्ट चाचणीच्या आराखड्यातच नव्हती. त्या सकाळपासून मी कुणाचाही निकाल वाचताना टक्केवारीच्या आधी तास पाहतो, आणि त्या तासांत अंधार किती होता ते पाहतो.

पान इथेच आपल्या पुढे आहे. ऊर्जेच्या हिशोबात पान तसं कमजोरच. सिद्धांताने गहू-भातासारख्या वनस्पतींना फार तर ४.६ टक्के आणि मका-उसासारख्यांना ६ टक्के सौरऊर्जा साठवता येते. शेतात वर्षभराचा हिशोब धरला तर बहुतेक पिकं एक टक्क्याच्या आसपास किंवा खालीच राहतात. पण मँगनीजचा तो गुच्छ ज्या प्रथिनात बसलेला असतो, ते डी-१ नावाचं प्रथिन कडक उन्हात साधारण अर्ध्या तासात निकामी होतं. पेशी ते काढून टाकते आणि जागी नवं बसवते. पाणी फोडणं ही इतकी कठोर रसायनक्रिया आहे की अब्जावधी वर्षांच्या उत्क्रांतीलाही तिला पुरून उरणारा पदार्थ सापडला नाही. सापडली ती दुरुस्तीची सोय. आपण मात्र एकदाच बनवलेली, कधीच दुरुस्त न होणारी पाटी वीस वर्षं टिकावी असं म्हणतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते मुख्यतः हेच आहे.

मग आज काय चालतं? कोरड्या जागी ठेवलेलं सौर पॅनेल आणि तारेने जोडलेला, आडोशाला ठेवलेला इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाण्याचं विघटन करणारं यंत्र. पॅनेलला पाणी लागत नाही, इलेक्ट्रोलायझरला ऊन लागत नाही, आणि एक बिघडला तर दुसरा न काढता बदलता येतो. पॅनेल २० टक्के आणि इलेक्ट्रोलायझर ६५ टक्के धरला तर एकूण १३ टक्के हायड्रोजनमध्ये उतरतात. २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने केंद्रित प्रकाशाखाली तीन थरांचा सेल आणि दोन इलेक्ट्रोलायझर जोडून ४८ तास सरासरी ३० टक्के मिळवले. कृत्रिम पानावर, म्हणजे तुम्ही विचारलेल्या त्या पाटीवर, आयुष्य घालवलेल्या आम्हा लोकांना हे मान्य करायला वेळ लागला, पण आकडे समोर आहेत.

आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे नवखे लोक क्वचित लक्ष देतात. भर उन्हात फोटोइलेक्ट्रोडच्या (ऊन शोषून पाण्याचं विघटन करणाऱ्या अग्राच्या) दर चौरस सेंटीमीटरमधून चांगल्यात चांगला प्रवाह साधारण १० मिलीअँपिअर मिळतो, त्याला १.२३ व्होल्टने गुणलं की सव्वाबारा मिलीवॅट, म्हणजे तेवढ्या जागेवर पडणाऱ्या १०० मिलीवॅट उन्हाचे सव्वाबारा टक्के. पडद्याच्या इलेक्ट्रोलायझरमध्ये (ज्यात एक पातळ पडदा दोन्ही वायू वेगळे ठेवतो) तेवढ्याच जागेतून एक ते दोन अँपिअर जातात, शंभरपटीहून जास्त. म्हणजे महागडा उत्प्रेरक (क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ), पडदा आणि नळ्या यांचं क्षेत्रफळ तितक्या पटीने कमी होतं. कृत्रिम पानात मात्र सगळ्या रानभर काच, पाणी, पडदा आणि वायू गोळा करणाऱ्या नळ्या पसराव्या लागतात. हिशोब करून पाहा: दिवसाला सहा तास पूर्ण ऊन धरलं तर एक किलो हायड्रोजनसाठी सुमारे ४५ चौरस मीटर फोटोइलेक्ट्रोड लागतो, आणि तेवढ्या काचेखालून रोज बारा घनमीटर हायड्रोजन व त्याच्या निम्मा ऑक्सिजन, एकमेकांत न मिसळता, बाहेर काढावा लागतो. इटलीचे रसायनशास्त्रज्ञ जाकोमो चामिचान यांनी १९१२ मध्येच ओसाड माळांवर काचेच्या नळ्यांची जंगलं उभी राहतील असं चित्र रंगवलं होतं. त्यांची दूरदृष्टी मोठी, पण खर्च आणि गळती नेमकी त्या नळ्यांतच आहे.

या गणितातून सुटायची एक वाट काझुनारी डोमेन यांच्या गटाने दाखवली. त्यांनी उत्प्रेरकाची भुकटी पाट्यांवर पसरून १०० चौरस मीटरचा संच उघड्यावर उभारला आणि २०२१ मध्ये निकाल मांडले. तारा नाहीत, वेगळी अग्रं नाहीत, फक्त ॲल्युमिनियम मिसळलेलं स्ट्रॉन्शियम टायटॅनेट आणि पाणी. सौरऊर्जेचे फार तर ०.७६ टक्के हायड्रोजनमध्ये आले. आकडा लहान वाटेल, पण हाच पदार्थ अतिनील प्रकाशात जवळपास ९६ टक्के फोटॉन कामाला लावतो हे त्यांनी आदल्या वर्षी दाखवलं होतं. म्हणजे रसायन जमलं आहे, फक्त पदार्थाला दृश्य प्रकाश दिसत नाही. दोन्ही वायू तिथे एकत्रच निघतात आणि नंतर पडद्यातून वेगळे करावे लागतात. असं मिश्रण हाताळताना ठिणगीची भीती कायम असते. तरीही कृत्रिम पानाच्या सगळ्या वाटांमध्ये मला सर्वात जास्त आशा याच वाटेची वाटते, कारण खराब झालेली भुकटी काढून नवी पसरता येते.

इलेक्ट्रोलायझरचीही दुखणी आहेत. पडद्याच्या प्रकारात ऑक्सिजनच्या बाजूला इरिडियम लागतं, आणि जगभरात वर्षाला सात-आठ टनच इरिडियम निघतं. अल्कलीच्या प्रकारात निकेल चालतं, पण ढग आले की वेगळीच पंचाईत. हायड्रोजन पडद्यातून थोडा थोडा पलीकडे झिरपतच असतो. प्रवाह कमी झाला की ऑक्सिजन कमी बनतो, झिरप मात्र तेवढीच राहते, आणि मिश्रणातला हायड्रोजन चार टक्क्यांकडे सरकू लागतो. त्यापुढे मिश्रण पेटू शकतं, म्हणून संयंत्र बरंच आधी बंद करावं लागतं. सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन असं वाया जातं. याच निकेलबद्दल एक सांगण्यासारखं आहे. कित्येक वर्षं निकेल हा ऑक्सिजनसाठी उत्तम उत्प्रेरक मानला जायचा. १९८७ मध्ये कॉरिगन यांनी दाखवलं की अल्कलीत अशुद्धी म्हणून आलेलं किंचित लोह निकेलच्या थरात शिरतं आणि क्रियेचा वेग त्यामुळे वाढतो. लोह पूर्ण काढलं की निकेल मंदावतं.

हायड्रोजनच्या पुढे जाऊन द्रव इंधन हवं असेल तर कार्बन लागतो. कार्बन डायऑक्साइडपासून विजेच्या जोरावर लक्षणीय प्रमाणात हायड्रोकार्बन देणारा एकच शुद्ध धातू आहे, तांबं. जपानच्या योशिओ होरी यांनी हे १९८० च्या दशकात दाखवलं. पण तांब्यावर मिथेन, इथिलीन, इथेनॉल असा डझनभर पदार्थांचा काला होतो. इथिलीनच्या एका रेणूला १२ इलेक्ट्रॉन लागतात, आणि वाटेत प्रत्येक वळणावर क्रिया भलतीकडे जाऊ शकते. चांदीवर मात्र दोनच इलेक्ट्रॉनांत बऱ्यापैकी स्वच्छ कार्बन मोनॉक्साइड मिळतो. त्यात हायड्रोजन मिसळला की १९२५ च्या सुमारास फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी शोधलेल्या पद्धतीने डिझेल-केरोसीन बनवता येतं. म्हणून मी म्हणतो, विजेने दोन इलेक्ट्रॉनांचं काम करावं आणि लांब साखळ्या जोडणं भट्टीवर सोडावं.

उष्णतेची वाटही याच मिश्रणाकडे जाते, आणि ती मला मनापासून सुंदर वाटते. सेरियम ऑक्साइड आरशांनी एकवटलेल्या उन्हात १५०० अंशांपर्यंत तापवलं की ते थोडा ऑक्सिजन सोडतं. मग ते थंड करून त्यावरून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड सोडले की गमावलेला ऑक्सिजन ते त्यांच्यातून ओढून घेतं, आणि मागे हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड उरतात. इथे अख्खा वर्णपट कामी येतो, अवरक्त किरणांसकट. झुरिकच्या आल्डो श्टाइनफेल्ड यांच्या गटाने स्पेनमधल्या मोस्टोलेस इथे सौर मनोऱ्यावर ५० किलोवॅटची अशी भट्टी चालवून केरोसीनपर्यंतची साखळी पूर्ण केली. २०२२ मध्ये ते निकाल आले. ऊन ते वायुमिश्रण कार्यक्षमता ४.१ टक्के होती. बाकीची बहुतेक उष्णता सेरियम पुन्हापुन्हा तापवण्या-थंडावण्यात गेली. ती परत वापरता आली तर आकडा बराच वर जाईल. ढगाळ आकाशाखाली मात्र आरसे निरुपयोगी, कारण विखुरलेला प्रकाश एकवटता येत नाही.

कार्बन कुठून आणला हाही प्रश्न टाळू नये. कोळशाच्या धुराड्यातून घेतला तर तो एक फेरी जास्त मारून शेवटी हवेतच जातो. हवेतूनच घेतला तर चक्र पूर्ण होतं, पण हवेत तो दर दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग आहे, म्हणजे एक रेणू मिळवायला जवळपास २४०० रेणू चाळायचे. त्याला लागणारी ऊर्जा हिशोबात न धरणारा कोणताही दावा अर्धवट समजा.

आता काय करावं, ते. डॅनियल नोसेरा आणि मॅथ्यू कॅनन यांनी २००८ मध्ये कोबाल्ट आणि फॉस्फेट असलेल्या साध्या द्रावणातून आपोआप जमणारा उत्प्रेरक दाखवला. चालताना त्यातलं कोबाल्ट सुटतं आणि फॉस्फेट असेल तर पुन्हा जागेवर येऊन बसतं. माझ्या माहितीत डी-१ प्रथिनाच्या सर्वात जवळ जाणारी ही कल्पना आहे. आज मी विद्यार्थी असतो तर नवा विक्रम करणारा पदार्थ शोधण्यापेक्षा, लेपाची छिद्रं द्रावणातूनच बुजतील अशा रसायनावर वर्षं घातली असती.

आणि चाचणीबद्दल तीन गोष्टी, ज्या मला कुणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. कार्बन डायऑक्साइडपासून काही बनलं असं दिसलं की तोच प्रयोग कार्बन-१३ (कार्बनचा किंचित जड, वेगळा ओळखता येणारा प्रकार) असलेला वायू घेऊन पुन्हा करा. नव्या पदार्थात कार्बन-१३ आलं नाही, तर तो कार्बन तुमच्या गोंदातून, द्रावकातून किंवा उत्प्रेरकावरच्या मळातून आलेला आहे. माझा एक अख्खा हंगाम अशा मळावर गेला. दुसरं, ऋणाग्रावर (हायड्रोजन जिथे सुटतो त्या अग्रावर) स्वस्त उत्प्रेरक तपासताना समोर प्लॅटिनमचं अग्र ठेवू नका. ते कणाकणाने विरघळून तुमच्या नमुन्यावर चढतं आणि नमुना दिवसागणिक सुधारतोय असं वाटतं. समोर कार्बनची कांडी ठेवा. तिसरं, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार असं चक्र किमान दोन आठवडे चालवा, अंधारात द्रावण तसंच राहू द्या, आणि रोज सकाळी दिवा लावल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांतला प्रवाह वेगळा नोंदवा.